दोन हात ऑइलपेंट

आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर कुणी शोधून काढायला नको. ती भिंत मीच रंगवली होती.

२००३ ची गोष्ट. सिंहस्थ तोंडावर आला होता आणि अख्खं नाशिक रंगवायला निघालं होतं. आमच्या धंद्याला असे दिवस बारा वर्षांतून एकदाच येतात. कठडे, दुभाजक, कंपाउंड, मुताऱ्यांच्या भिंती, जे म्हणून उभं आहे त्याला रंग. माझ्याकडे तेव्हा चार पेंटर, दोन लाकडी घोडे आणि हप्त्यावर घेतलेली एम-एटी. दिवसाला तीन-तीन साइटी उरकत होतो.

त्यातली एक साइट पंचवटीच्या अंगाला, गंगेच्या उतारावरची एक सार्वजनिक इमारत. नाव लिहीत नाही. आतली माणसं अजून तिथे नोकरी करतात आणि त्यांनी माझं काही वाकडं केलेलं नाही. (बाहेरगावच्यांसाठी: आम्ही गोदावरीला गंगाच म्हणतो. ‘गंगेवर जाऊन आलो’ म्हणजे पुण्य करून आलो असं नाही, कोथिंबीर आणायलाही गेलेलो असू शकतो.) या इमारतीच्या पोर्चमध्ये समोरच एक भिंत होती, एकवीस फूट लांब, नऊ फूट उंच. आमच्या भाषेत दोन ब्रासला थोडी कमी (ब्रास म्हणजे शंभर चौरस फूट). तिच्यावर फुटक्या कपबश्या, कौलं आणि काळ्या दगडाचे तुकडे बसवून काहीतरी केलेलं होतं. तीन काळे त्रिकोण, पांढरा नागमोडी पट्टा, एक दात्यांचं चाक, चिमणी, तोंडावळा नसलेली एक बाई आणि वर कोपऱ्यात टोकदार काहीतरी.

“हिचं काय करायचं?” मी विचारलं.

“ते धड काय आहे तेच कळत नाही. मारून टाका.”

मारून टाकली. खड्डे-उंचवटे फार म्हणून आधी लांबी, म्हणजे पुट्टी, भरली, घासली, मग दोन हात ऑइलपेंट, क्रीम कलर. पहिला हात सकाळी नऊला सुरू केला आणि डबा खायच्या आत संपला. दुसरा दुसऱ्या दिवशी. वर आमच्या पेंटरने लाल अक्षरात साधुसंतांचं स्वागत लिहिलं. अक्षर फार सुरेख होतं त्याचं. बिल तीन महिन्यांनी निघालं, त्यात या भिंतीची वेगळी ओळसुद्धा नव्हती. ‘अंतर्गत व बाह्य भिंती’ या एका नोंदीत ती गेली.

२०१५ च्या सिंहस्थाला दुसऱ्या कुणीतरी त्यावर आणखी एक हात मारला, पिस्ता रंगाचा. तोपर्यंत मी रंगकाम सोडून वॉटरप्रूफिंगमध्ये आलो होतो.

मागच्या आषाढात त्याच इमारतीतून फोन आला. पोर्चच्या भिंतीला ओल येते, पोपडे पडतात, बघून जा. गेलो. ओल बघायची आमची पद्धत साधी: खिशातलं नाणं काढायचं आणि ठोकत जायचं. भरीव असेल तिथे टणटण, आत पोकळ असेल तिथे बद्द. खालच्या दोन फुटांत सगळं बद्दच वाजत होतं. एका ठिकाणी नाणं जरा जोरात लागलं आणि तळहाताएवढा पोपडा गळून खाली आला. पिस्ता, क्रीम, लांबी, तिन्ही थर पापडासारखे एकमेकांना चिकटलेले. आणि मागून एक बशीचा तुकडा बाहेर बघत होता. पांढरा, त्याला बारीक निळी कड. हॉटेलात मिळायच्या तसल्या बशीची.

त्या निळ्या कडेवरून मी भिंत ओळखली. वीस वर्षांत एकदाही आठवली नव्हती. मी पोपडा उचलला, उगाच परत जागेवर लावून बघितला. लागतो होय तो!

घरी येऊन बायकोला सांगितलं. ती म्हणाली, “तुम्हाला सांगितलं ते तुम्ही केलं.” खरंय. पण मी गेली पंधरा वर्षं चायना मोझॅकची कामं करतो. गच्चीवर ब्रिकबॅट म्हणजे विटांच्या तुकड्यांचा कोबा टाकायचा आणि वर फुटक्या पांढऱ्या टाइलचे तुकडे बसवायचे, की ऊन परततं आणि पाणी उतरतं. हे काम मी लोकांच्या डोक्यावर करतो आणि तेच काम कुणीतरी लोकांच्या डोळ्यासमोर उभं केलं होतं, तर त्यावर लांबी फिरवली. अहमदाबादला वास्तुविशारद बाळकृष्ण दोशींनी आपल्या ‘संगत’ या ऑफिसच्या कमानदार छपरांवर हेच चायना मोझॅक लावलंय. तिथल्याच, चित्रकार हुसेन आणि दोशींच्या गुफेच्या पाठीवरही तेच. दोशींना २०१८ ला वास्तुकलेतलं प्रिट्झकर पारितोषिक मिळालं तेव्हा मी व्हॉट्सअ‍ॅपवर सगळ्या मिस्त्रींना फोटो पाठवले होते, ‘बघा, आपलं काम’ म्हणून. त्या दिवशी तरी ही भिंत आठवायला हरकत नव्हती.

आबा मिस्त्री

भिंत कुणी केली हे इमारतीत कुणालाच माहीत नव्हतं. कागद नाही, सही नाही, कोनशिलेवर फक्त उद्घाटन करणाऱ्याचं नाव. शेवटी म्हसरूळच्या आमच्या एका जुन्या गवंड्याला, आबांना, विचारलं. ते हसायलाच लागले. “ती होय? तिच्यासाठी मी बश्या फोडल्यात.”

आबांच्या हिशोबाने ते काम बहात्तरच्या दुष्काळानंतर एक-दोन वर्षांनी झालं. आबा तेव्हा एकोणीस-वीस वर्षांचे, बिगारी. करणारे ‘सर’ मुंबईला जे. जे.ला शिकून आलेले, इथे शाळेत ड्रॉइंग शिकवायचे. आता ते नाहीत, आणि घरच्यांनी नाव लिहू नका म्हटलंय म्हणून लिहीत नाही. पैसे थोडे होते. काचेच्या रंगीत टाइल आणायची ऐपत नव्हती, म्हणून सरांनी गावातल्या हॉटेलांत पोती ठेवली होती. फुटलेली कपबशी उकिरड्यावर टाकायची नाही, पोत्यात टाकायची. शनिवारी आबा सायकलवर पोती गोळा करायचे. पोतं जमिनीवर आडवं टाकून वरून लाकडी मोगरीने हाणायचं, मग तुकडे निवडायचे. कडेचे वेगळे, बुडाचे वेगळे, कानाचे वेगळे. काळा रंग म्हणजे खाणीवरचा आपला पाषाण. लाल म्हणजे जुन्या वाड्याची मंगलोरी कौलं.

“नदी फक्त बश्यांच्या कडांची करायची, असं सरांचं होतं,” आबा म्हणाले. “बुडाचा तुकडा लावला की ते काढायला लावायचे. कड वाकडी असते ना, म्हणून. पाणी हललं पाहिजे म्हणायचे.”

हे ऐकून मी दुसऱ्या दिवशी बॅटरी घेऊन परत गेलो. पोपडा निघालेल्या जागी नाक टेकवून बघितलं. खरंच, एकही तुकडा सपाट नाही. प्रत्येकाला बशीच्या काठाचा बाक आहे आणि प्रत्येक निळी रेघ वेगळ्या हॉटेलची: कुठे जाड, कुठे दोरा, एका ठिकाणी हिरवी. रेघेला रेघ जुळवत नेलीय, चुकली तिथे मुद्दाम चुकवलीय. ट्यूबलाइट बाजूने पाडली की प्रत्येक तुकडा वेगळ्या कोनातून चमकतो. समोरून बघणाऱ्याला एवढं कळणार नाही. हे काम भिंतीच्या बाजूने चालत जाणाऱ्या माणसासाठी केलं होतं.

आबांकडून आणखी एक कळलं. भिंत लोकांना आवडली नव्हती. पंचवटीतल्या इमारतीवर राम-लक्ष्मण-सीता येणार अशी सगळ्यांची समजूत. आणि आलं काय, तर चाक, चिमणी आणि वर विमान! ते टोकदार काहीतरी म्हणजे विमान होतं. जवळच ओझरला १९६४ पासून एचएएलचा विमानांचा कारखाना, मिग हे लढाऊ विमान तिथेच बनायचं, आणि गावातली निम्मी पोरं त्या आवाजाकडे मान वर करून मोठी झालेली. सर म्हणायचे म्हणे, की राम सगळीकडे आहे, मिग फक्त आपल्याकडे आहे. तीन काळे त्रिकोण कुणी डोंगर म्हणायचं, कुणी गंगापूर धरणाचा मातीचा बांध म्हणायचं. सरांनी शेवटपर्यंत सांगितलं नाही.

तर ‘लोकांच्या लाडक्या ठेव्यावर रंग फासला’ अशी ही गोष्ट नाही. लाडकी असती तर मला कुणी फासू दिला नसता.

वयात न आलेली भिंत

मुलगी एलएलबीच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिला विचारलं, या भिंतीला कायद्याचं काही संरक्षण आहे का? तिने दोन दिवस पुस्तकं उलथीपालथी केली. थोडक्यात सांगतो.

प्राचीन स्मारकांचा १९५८ चा कायदा आणि पुरावस्तूंचा १९७२ चा कायदा, दोन्हींत वयाची अट शंभर वर्षं. दिल्लीत प्रगती मैदानावर ‘हॉल ऑफ नेशन्स’ होता: १९७२ चा, राज रेवाल यांचा आराखडा, महेंद्र राज यांचं इंजिनियरिंग. लोखंड परवडेना म्हणून सगळा सांगाडा काँक्रीटमध्ये हाताने ओतलेला. आमच्यासारख्या माणसाने नुसता फोटो बघितला तरी शटरिंग कसं केलं असेल या विचाराने झोप उडते. तो एप्रिल २०१७ मध्ये पाडला. त्याआधी तो वारसा यादीत घ्या म्हणून लोक भांडले, तर उत्तर मिळालं की साठ वर्षं झालेली नाहीत. पाडल्यावर रेवाल कोर्टात गेले. २०१९ ला दिल्ली हायकोर्टाने सांगितलं की वास्तुविशारदाचा नैतिक हक्क मालकाला इमारत पाडण्यापासून अडवू शकत नाही.

आम्ही नाशिककर लांबचा काळ सिंहस्थांत मोजतो. आमची भिंत साठ वर्षांची होईपर्यंत मध्ये एक सिंहस्थ आहे. शंभर धरली तर चार. दर सिंहस्थाला दोन हात, म्हणजे काढा हिशोब.

मग मुलीने अमरनाथ सहगल यांचा निकाल वाचायला दिला. दिल्लीच्या विज्ञान भवनात सहगल यांचं ब्राँझचं भित्तिशिल्प होतं, १४० फूट लांब, ४० फूट उंच. १९५७ ला काम दिलं, १९६२ ला पूर्ण झालं. १९७९ मध्ये नूतनीकरणात ते उतरवून गोदामात टाकलं, तुकडे झाले, काही गेलेच. सहगल १९९२ ला कोर्टात गेले. निकाल लागला २००५ ला. कॉपीराइट सरकारकडे असला तरी कायद्याच्या कलम ५७ प्रमाणे कलाकाराचा आपल्या कामावरचा नैतिक हक्क उरतोच, असं म्हणून कोर्टाने उरलेलं शिल्प त्यांना परत द्यायला लावलं आणि वर पाच लाख भरपाई.

हे वाचून मला जरा बळ आलं. मुलगी म्हणाली, थांबा बाबा. त्याच कलमाखाली एक स्पष्टीकरण आहे: नुसतं प्रदर्शित न करणं म्हणजे हक्काचा भंग नव्हे. आता ऑइलपेंट मारणं म्हणजे मोडतोड की नुसतं न दाखवणं, यावर दोन वकील दोन्ही बाजूंनी वर्षभर बोलू शकतील. तेवढ्या वर्षात चौथा हात मारून होईल.

कायद्याच्या नादाला लागायचं नाही, एवढं मी ठरवलं. आपल्याला जे येतं ते करू. ओल काढू.

आधी पाइप

मुंबईहून एक संवर्धक ताई आल्या. जुनी चित्रं, दगड, चुना यांतलं त्यांचं काम. येण्याजाण्याचं भाडं सोडून काही घेतलं नाही. त्यांनी भिंतीकडे बघायच्या आधी भिंतीची मागची बाजू बघितली. गच्चीवरून खाली येणारा पावसाच्या पाण्याचा पाइप भिंतीला खेटून होता आणि त्याचा एक सांधा निसटलेला. वर्षानुवर्षं ते पाणी भिंतीत मुरत होतं. “आधी हा पाइप बदला. समोरच्या बाजूला तोवर हात लावू नका,” त्या म्हणाल्या. मी वॉटरप्रूफिंगवाला, मला हे आधी दिसायला हवं होतं. मी बशीची निळी कड बघत बसलो होतो.

पाइप पाचशे रुपयांत बदलला.

मग त्यांनी मला माझ्या पेंटने काय केलं ते समजावलं. नऊ फूट भिंतीला पुढून ऑइलपेंटचा रेनकोट घातला. मागून पाइपचं पाणी, खालून जमिनीची ओल. २००८ चा आणि २०१६ चा पूर तर गंगेकाठच्या सगळ्यांना माहीत आहे. तेव्हा पाणी दुतोंड्या मारुतीच्या (गंगेतली ही मूर्ती म्हणजे आमची पूर मोजायची पट्टी) कमरेला की छातीला, हे विचारायचीही गरज उरली नव्हती. भिंत पाणी प्यायली, पण पुढून सुकायला जागाच नाही. पाण्याबरोबर सिमेंटमधले क्षार येतात. बाहेर पडले तर पांढरा लोणा दिसतो, झटकला की गेला. बाहेर पडू दिले नाहीत तर ते टाइलच्या मागेच स्फटिक होऊन फुगतात आणि टाइलला पुढे ढकलतात. खालच्या दोन फुटांचं बद्द-बद्द तिथून आलं.

“पण एक आहे,” त्या म्हणाल्या, “पेंट नसता तर एव्हाना कुणीतरी अ‍ॅसिड मारलं असतं.” हे अगदी खरं. मळकी टाइल दिसली की आमच्या धंद्यात पहिलं अ‍ॅसिडचं कॅन उघडतात. ते मळाबरोबर सांध्यातलं सिमेंटही खातं, आणि तुकडा संगमरवरी असेल तर फसफसून त्याची झिलई उतरते. मीही हे हजार वेळा केलंय. आता त्याबद्दल लिहायला बसलो तर वेगळा ब्लॉग लागेल.

कामाला लागलो. दिवाळीनंतर, भिंत थोडी सुकल्यावर. रविवारी मी, माझे दोन मिस्त्री, आबा खुर्चीत, आणि मुलीच्या कॉलेजच्या चार मैत्रिणी. परवानगी कशी मिळाली त्याची कथा सांगत नाही. ‘ओल निवारणाची पूर्वतयारी’ असं अर्जात लिहिलंय, आणि ते खोटं नाही.

सहा-सहा इंचांचे तीन चौकोन आखले. एकावर पेंट रिमूव्हरची जेल, एकावर गरम हवेचं मशीन, एकावर फक्त कोमट पाण्याचा फडका आणि ऑपरेशनचं पातं. बश्यांवर तिसरा उपायच भारी ठरला. काचेसारख्या झिलईला ऑइलपेंट धरतच नाही. पात्याचं टोक कडेला घातलं की अख्खी साल निघते, उकडलेल्या अंड्याची निघते तशी. कौलाच्या तुकड्यांनी मात्र रंग पिऊन घेतला होता. जेल लावून, पुसून, परत लावून सुद्धा ते आधी गुलाबीच राहिले. पाषाणाच्या भोकाभोकांत माझी लांबी बसलीय, पांढरी टिंबं दिसतात. ताई म्हणतात ती राहू द्या, दगड खरवडू नका. राहू दिलीत. माझी सही समजा.

एक चौरस फूट मोकळा करायला दोन माणसांना दीड दिवस लागला. भिंत १८९ चौरस फूट. २००३ साली मी बघता बघता जे केलं ते उलटं करायला दोनशे ऐंशीच्या वर दिवस. रविवारच धरले तर पाच वर्षांहून जास्त. आबांनी बोटांवर हिशोब केला आणि म्हणाले, “तोवर मी काय राहत नाही. विमान आधी काढा.”

विमान आधी काढायला घेतलं.

जे तुकडे हलत होते त्यांच्यावर मेडिकलमधली गॉज पट्टी मैद्याच्या खळीने चिकटवली. मी फेव्हिकॉल काढला तेव्हा ताईंनी माझ्याकडे असं बघितलं की मी तो परत गाडीत ठेवून आलो. खळ पाण्याने सुटते, फेव्हिकॉल सुटत नाही. दुरुस्तीत जे घालाल ते पुढच्या माणसाला काढता आलं पाहिजे, हा त्यांचा पहिला नियम. आमच्या धंद्यात नेमका उलटा: एकदा बसवलं की बापजन्मी निघता कामा नये, त्याचीच आम्ही दहा वर्षांची गॅरंटी लिहून देतो. गळून पडलेले तुकडे अंड्यांच्या ट्रेमध्ये ठेवतो, प्रत्येक खळग्यात एक, खाली चिठ्ठी: कुठली रांग, खालून किती, डावीकडून किती. पोरींनी प्लॅस्टिकचा कागद भिंतीला लावून मार्करने आतापर्यंतचा भाग एकास एक उतरवून घेतलाय. पोकळ जागा लाल, गेलेले तुकडे निळे. उद्या भिंत पडली तरी निदान ती काय होती हे कागदावर राहील.

एका गोष्टीवर ताईंचं आणि माझं अजून जमलेलं नाही. मोकळ्या केलेल्या भागात पंचेचाळीस तुकडे गायब आहेत. मी भंगार बाजारातून जुन्या बश्यांचं पोतं आणलं, निळ्या कडेच्याच, त्या काळच्याच. म्हटलं, आबा आहेत, आबांनी मूळच्या फोडल्या होत्या, त्यांनीच या फोडाव्या आणि बसवाव्या. ताई नाही म्हणतात. गेलेली जागा चुना-वाळूच्या गिलाव्याने भरा, जरा खालच्या पातळीवर, म्हणजे काय मूळचं आणि काय नंतरचं ते कळेल. तत्त्व मला समजतं. पण ही काही अजिंठ्याची लेणी नाहीत. सरांनी गावातल्या फुटक्या बश्या मागून हे केलं होतं. गावाने आणखी पंचेचाळीस दिल्या तर काय बिघडलं? चंदीगडला नेकचंद नावाच्या रस्ते-निरीक्षकाने फुटक्या बश्या आणि भंगारातूनच अख्खं रॉक गार्डन उभं केलं, तेही आधी बरीच वर्षं चोरून. त्या माणसाने माझी बाजू घेतली असती. पोतं अजून माझ्या गोदामात आहे.

लोक काय म्हणतात

विमान मोकळं झाल्यापासून पोर्चमध्ये लोक थांबायला लागलेत. सगळेच कौतुकाला थांबत नाहीत. एक आजी म्हणाल्या, एवढी मेहनत करता तर रामपंचायतन तरी करायचं. एका पोराने विचारलं, सेल्फी पॉइंट होणार का? एक निवृत्त गृहस्थ, एचएएलमध्ये तीस वर्षं काढलेले, विमानासमोर दहा मिनिटं उभे राहिले आणि म्हणाले, “नाक चुकलंय. मिगचं नाक असं नसतं.” मग परत आले आणि म्हणाले, “पण पंख बरोबर आहेत.” त्यांना खुर्ची दिली. आता ते आणि आबा दर रविवारी शेजारी बसून भांडतात.

मोठ्या शहरांतली कामं टिकली त्याला कारण आहे. टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्चमध्ये हुसेनांचं पंचेचाळीस फुटी भित्तिचित्र आहे, कारण होमी भाभांनी ते स्वतः निवडून लावलं आणि संस्थेला ते माहीत आहे. लखनौच्या रवींद्रालयावर के. जी. सुब्रमण्यन यांनी १९६३ ला टेराकोटाचं केलं, त्याच्यावर अभ्यासकांनी लिहिलंय. आमच्या सरांचं नाव कोनशिलेवर नाही, हजेरीपटावर होतं. अशा भिंती शाळांच्या पोर्चमध्ये, जुन्या साखर कारखान्यांच्या ऑफिसांत, बँकांच्या जिन्यात अजून असतील. कुणी त्यांवर हातोडा घालत नाही. रंगाच्या टेंडरमध्ये ‘अंतर्गत व बाह्य भिंती’ अशी एक ओळ येते, तेवढं पुरतं.

ती ओळ परत आलीय. २०२७ च्या सिंहस्थासाठी इमारतीची रंगरंगोटी निघालीय. रंगकाम सोडून मला बरीच वर्षं झाली, तरी दरपत्रक भरलं. एरवीची सगळी कलमं लिहिली: गच्ची, जिना, खिडक्यांची तावदानं. भिंती एकत्र न घालता एकेक वेगळ्या ओळीवर घेतल्या. सातव्या ओळीवर लिहिलं: ‘प्रवेशद्वारासमोरील भिंत, १८९ चौ. फूट: रंगवू नये.’ दर: निरंक.

दोन दिवसांनी ऑफिसातून फोन. “भाऊ, सात नंबरला शून्य टाकलंय तुम्ही.”

“हो.”

“शून्य चालत नाही. सिस्टिम घेत नाही. काहीतरी टाका.”

“न रंगवायचे पैसे कसे लावू?”

“ते तुम्ही बघा. एक रुपया टाका हवं तर, पण काहीतरी टाका. पाचला बंद होतंय.”

पावणेपाच वाजले होते. टाकला एक रुपया.